डिस्को एलिसियम दुसऱ्यांदा: खुनी तोच, पोलीस वेगळा

डिस्को एलिसियम हा डिटेक्टिव्ह व्हिडिओ गेम काल रात्री दुसऱ्यांदा संपवला. खुनी तोच निघाला. खुनाचं कारण तेच, शेवटची जागाही तीच. आणि तरी मला असं वाटतंय की मी दोन वेगळ्या माणसांसोबत राहून आले, एकाची कीव आली आणि दुसऱ्यावर जीव जडला, आणि हे या गेमने कसं जमवलं हे काही डोक्यातून जात नाहीये म्हणून बाकीची कामं बाजूला ठेवून हा रिव्ह्यू लिहायला बसलेय. खुनी कोण ते सांगणार नाही, निर्धास्त वाचा. फायनल फँटसी टेनचा एक मोठा स्पॉयलर मात्र येणार आहे, गेम २००१ चा आहे, पण ज्यांचा खेळायचा राहिलाय त्यांनी शेकोटीचा उल्लेख आला की सरळ दोन परिच्छेद खाली उतरायचं.

सुरुवात धाकट्या भावापासून झाली. मी फायनल फँटसी टेन परत खेळत होते, तो मागे उभा राहून बघत होता आणि थोड्या वेळाने म्हणाला, "ताई, यात तू करतेयस काय? रस्ता सरळ, गोष्ट ठरलेली, तू फक्त कंट्रोलरची काडी पुढे ढकलतेयस. याला आरपीजी कशाला म्हणायचं?" (आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम, ज्यात आपण एक पात्र होऊन वावरतो.) त्याचा सगळ्यात लाडका गेम बाल्डर्स गेट थ्री. तो बनवणाऱ्या स्टुडिओने रिलीजच्या आधीच सांगितलं होतं की शेवटाचे १७,००० प्रकार आहेत, आणि हा आकडा तो वादात दर वेळी हुकमाच्या पानासारखा टाकतो. मी म्हटलं, १७,००० मधले तू किती बघितलेस रे? तो म्हणाला, दोन. मग आम्ही दोघं तासभर भांडलो, आणि त्या भांडणातूनच मी दुसऱ्या दिवशी डिस्को एलिसियम दुसऱ्यांदा सुरू केला, कारण मला आठवत होतं की या गेममध्ये गोष्ट फारशी बदलत नाही आणि तरी मला कुठल्याच गेममध्ये इतकं मोकळं वाटलं नव्हतं. हे खरं होतं की नुसती पहिल्या वेळची भुरळ होती हे तपासायचं होतं.

आधी टेनबद्दल सांगते, कारण त्याच्याशिवाय पुढचं पटणार नाही.

टेन सुरू होतो एका शेकोटीपाशी. पडक्या शहरासमोर काही माणसं गप्प बसलीयत, शस्त्रं जमिनीत रोवून ठेवलीयत, आणि नायक टायडस म्हणतो माझी गोष्ट ऐका. मग गेम मागे जातो आणि कितीतरी तास त्या शेकोटीपर्यंतचा रस्ता चालतो. युना ही समनर, म्हणजे मंत्राने अद्भुत प्राणी बोलावणारी, सिन नावाचं संकट थांबवायला ती यात्रेला निघालीय, टायडस दुसरीकडून येऊन पडलेला म्हणून त्याला इथलं काहीच माहीत नाही, आणि तो वाटभर तिला उत्साहाने सांगत असतो की सिन हरला की आपण हे करू, ते बघू, चल लवकर. बाकीचे ऐकून घेतात. मग अल भेड नावाच्या लोकांच्या होम या वस्तीत त्याला कळतं की सिनला हरवणारं फायनल समनिंग, म्हणजे ते शेवटचं आवाहन, केलं की समनर मरतो. सगळ्यांना माहीत होतं. युनाला तर पहिल्यापासून. एकटा हा तिला घाई करत होता, आणि त्याच्यासोबत मी.

आता इथे मला कुणी विचारलं असतं की "युनाला पुढे घेऊन जायचं की थांबवायचं", तर मी हुशारी करून थांबवायचं बटण दाबलं असतं आणि तो सगळा प्रसंगच पाण्यात गेला असता. मला चॉइस नव्हता म्हणूनच ते लागलं. पाठीमागचे पंधरा-वीस तास एकदम डोळ्यापुढे आले, प्रत्येक पायवाट, प्रत्येक देऊळ, प्रत्येक वेळी मी पुढची काडी पुढे ढकलली तेव्हा ती मुलगी मरणाकडे एक पाऊल जात होती आणि हसत होती. आणि ही यात्रा आहे हो, यात्रेचा रस्ता ठरलेलाच असतो, समनर सगळे त्याच वाटेने गेलेत, त्या वाटेवर फाटे नसणं हाच तर त्या जगाचा आजार आहे. नंतर जेव्हा ती माणसं "आम्ही या वाटेने जाणार नाही" म्हणतात तेव्हा त्याला वजन येतं ते आपण तोवर इमानाने चाललो म्हणून. कथा एका रेषेत असणं ही इथे उणीव नाहीये, त्याच्यावर तर अख्खा गेम उभा आहे.

सरळ रस्ता म्हणजे आपोआप चांगला असं मी म्हणत नाहीये. त्याच मालिकेतला थर्टीन २००९ चा, त्यातही बराच काळ एका बोळातून पुढे जायचं आणि अकराव्या चॅप्टरला ग्रॅन पल्स हा प्रदेश आल्यावर मैदान मोकळं होतं, आणि तिथे मला पळून चाललेल्या माणसांची घाई कळली पण बोळ का आहे ते शेवटपर्यंत जाणवलं नाही. रस्ता अरुंद ठेवलात तर त्या अरुंदपणातून काहीतरी सांगा, एवढंच माझं म्हणणं.

तर डिस्को एलिसियम. मूळ गेम ऑक्टोबर २०१९ मध्ये आला, फायनल कट ही वाढवलेली आवृत्ती मार्च २०२१ मध्ये, त्यात सगळ्या संवादांना आवाज दिले आणि राजकीय विचारांच्या चार नव्या क्वेस्ट (कामगिऱ्या) घातल्या ज्यातली एका खेळीत एकच पुरी करता येते. लिखाण दहा लाख शब्दांच्या वर आहे. लढाई नावाचा प्रकार जवळपास नाही, शत्रूचे एचपी (जीवाचे गुण) कमी करत बसायचं नाही, सगळं बोलण्यातून होतं. द गेम अवॉर्ड्समध्ये २०१९ साली चार पुरस्कार घेतले, त्यात बेस्ट नॅरेटिव्ह आणि बेस्ट आरपीजी दोन्ही, तलवार न चालवता आरपीजीचा पुरस्कार, मला याचं फार कौतुक आहे.

तुम्ही एक डिटेक्टिव्ह. रेव्हाशोल शहरातल्या मार्टिनेझ नावाच्या मोडक्या भागात, व्हर्लिंग-इन-रॅग्ज नावाच्या वसतिगृहाच्या वरच्या खोलीत जमिनीवर जागे होता, अंगावर धड कपडे नाहीत, दारूने स्मृती गेलीय, नाव आठवत नाही, चेहराही आठवत नाही. मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत सात दिवस लटकतंय आणि ते उतरवायचं काम तुमचं होतं. खाली किम कित्सुरागी नावाचा दुसऱ्या ठाण्याचा लेफ्टनंट नारिंगी जॅकेट घालून शांतपणे वाट बघत उभा आहे.

पहिल्याच खोलीत छताच्या पंख्याला टाय अडकलाय, पंखा फिरतोय. टाय काढायचा असेल तर चेक द्यावा लागतो. दोन फासे, त्यात तुमच्या स्किलचा आकडा मिळवायचा, ठरलेल्या आकड्याला पोचलात तर पास. दोन्ही सहा आले की काहीही असो पास, दोन्ही एक आले की नापास, म्हणजे कितीही तयारी करा ३ टक्के धोका राहतोच आणि कितीही कच्चे असा ३ टक्के आशा राहतेच. पंखा आधी बंद केला तर चेक सोपा होतो. पहिल्या वेळी मी शरीराचे सगळे पॉइंट बुद्धीत घातले होते, पंखा चालू असतानाच हात घातला, आणि माझा डिटेक्टिव्ह हृदय बंद पडून मेला. गेम सुरू होऊन पाच मिनिटं झाली नव्हती. तो टाय मला खूप काही शिकवून गेला, की हा गेम मी भरलेले आकडे नुसते लढाईसाठी ठेवणार नाहीये, ते माझं शरीर आहे, आणि हे शरीर पिऊन पिऊन खलास झालंय.

स्किल्स २४ आहेत, बुद्धी, मन, शरीर आणि हाताची सफाई अशा चार गटांत सहा-सहा, आणि खरी गंमत ही की ती बोलतात. प्रत्येकाचा स्वभाव आहे. एन्सायक्लोपीडिया नको तेव्हा माहिती देतो, इलेक्ट्रोकेमिस्ट्री सारखी व्यसनाकडे ओढते, हाफ लाइटला प्रत्येक माणूस आता अंगावर येणार असं वाटतं, शिव्हर्स वाढवलंत तर शहर तुमच्याशी बोलायला लागतं आणि त्या ओळी वाचताना माझ्या अंगावर खरंच काटा आला. जे स्किल जास्त ते जास्त बोलणार, जे कमी ते गप्प. म्हणजे तुम्ही कॅरेक्टर बनवताना जे आकडे टाकता त्याने नुसतं काय करता येईल एवढंच ठरत नाही, तुम्हाला काय दिसेल आणि काय सुचेल हेच ठरतं. पर्याय निवडण्याच्या आधीच पर्याय कोणता दिसावा हे तुमच्या स्वभावाने ठरवलेलं असतं, आणि खऱ्या आयुष्यातही आपलं असंच होतं की.

आणि ही स्किल्स चुकतात. क्लासीची चौकशी करताना (ती कोण ते खेळताना कळेल) माझी सगळी हुशार स्किल्स एकामागून एक तिची बाजू घ्यायला लागली, मी खुशीत मान डोलावत पर्याय निवडत होते, आणि अचानक व्हॉलिशन, म्हणजे मनोबलाचं स्किल, मध्ये पडून म्हणालं की या सगळ्यांना तिने खिशात घातलंय, यांचं ऐकू नकोस. मी कंट्रोलर खाली ठेवला. इतकी वर्षं गेम खेळतेय, स्क्रीनवर जे पर्याय लिहून येतात त्यांच्यावर शंका घ्यायची असते हे मला कुठल्या गेमने सांगितलं नव्हतं. पर्याय दिसतोय म्हणजे तो गेमचा, म्हणजे तो प्रामाणिक, असंच आपण धरून चालतो ना? इथे तो पर्याय माझ्याच डोक्यातून आलेला आणि माझंच डोकं फितूर झालेलं.

आता मुख्य मुद्दा, जो मला भावाला नीट सांगता आला नव्हता. चॉइस म्हटलं की आपण लगेच विचारतो, गोष्ट बदलते का, शेवट किती. पण चॉइस दोन जातीचे असतात. एक, काय घडावं ते ठरवणारे. दुसरे, ते कुणाच्या बाबतीत घडावं ते ठरवणारे. डिस्को एलिसियमने पहिल्या जातीचे चॉइस मोजकेच ठेवले आणि आपली सगळी ताकद दुसऱ्या जातीवर लावली. खून झालेला आहे, खुनी ठरलेला आहे, बंदरातला संप चिघळत जाणार आहे, तुम्ही काहीही करा. पण त्या सगळ्यातून जाणारा माणूस कोण आहे हे ओळी-ओळीला तुम्ही घडवताय, आणि गेम त्याची नोंद ठेवतो. उदाहरणार्थ मी दुसऱ्या खेळीत सारखी माफी मागत होते, सवयीने, जिथे तिथे "सॉरी" असलेला पर्याय घ्यायचे, आणि काही वेळाने गेमने मला विचारलंच की तू तो सॉरी म्हणत फिरणारा पोलीस आहेस का. कुणी मोजत होतं! पहिल्या खेळीत असाच सुपरस्टार पोलीस झाले होते, कारण मोठेपणाची वाक्यं वाचायला मजा यायची. हे विचार मग थॉट कॅबिनेटमध्ये ठेवता येतात, ते मुरायला वेळ लागतो, मुरताना कधीकधी स्किल कमी होतं, आणि मुरल्यावर काय मिळेल ते आधी सांगत नाहीत. एखादा विचार काढून टाकायचा तर स्किल पॉइंट द्यावा लागतो. डोक्यात शिरलेला विचार फुकट बाहेर निघत नाही, याच्याइतकं खरं मेकॅनिक मी आरपीजीत बघितलेलं नाही.

एक प्रसंग सांगते, मुख्य केसशी याचा संबंध नाही त्यामुळे फारसं बिघडणार नाही. समुद्राकडच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर एक माणूस मेलेला सापडतो. खून नाही, कट नाही, अपघात. त्याच्या बायकोला तुम्ही आधी कुठेतरी भेटलेले असता, तिला वाटतंय नवरा नेहमीसारखा कुठेतरी गेलाय, येईल. आता तिच्या घरी जाऊन तिला सांगायचंय. एवढीच क्वेस्ट. काहीही निवडा, नवरा मेलेलाच राहणार, बक्षीस म्हणावं असं काही नाही, शेवटाच्या कुठल्याच स्लाइडमध्ये हे येणार नाही. पहिल्या वेळी माझ्या डिटेक्टिव्हचं तर्कशास्त्र उंच आणि एम्पथी तळाला होती, मी तिच्या दारात उभी राहून नुसती गोल गोल बोलत राहिले, कुठे सापडला, कसा सापडला, आणि ती बाई मधल्या जागा स्वतः भरत गेली. दुसऱ्या वेळी एम्पथी जास्त होती. दार उघडल्यावर लगेच मला आतून कळत होतं की हिला थोडं थोडं कळलंय, आणि मी बसून एका वाक्यात सांगितलं आणि गप्प राहिले. तीच खोली, तीच बातमी. मी या दोन खेळींमधला फरक कुणाला आकड्यात दाखवू शकत नाही, १७,००० मध्ये त्याला एक नंबरसुद्धा मिळणार नाही, पण या गेममधला माझ्या लेखी सगळ्यात मोठा चॉइस तोच होता.

आणि नापास होणं. आरपीजीत नापास म्हणजे दार बंद, म्हणून आपण रीलोड मारतो, आधी सेव्ह केलेल्या जागेवरून परत खेळतो. इथे वसतिगृहाचा मॅनेजर गार्ट खोलीच्या नुकसानीचे पैसे मागतो, तुमच्याकडे दमडी नाही, पळून जायचा पर्याय आहे. माझा चेक फसला. माझा डिटेक्टिव्ह धावता धावता हवेत वळला, गार्टला दोन्ही हातांची मधली बोटं दाखवली आणि तसाच उलटा जाऊन व्हीलचेअरमधल्या एका म्हाताऱ्या बाईंवर आदळला. पास झाला असता तर मी नुसती दारातून सटकले असते आणि विसरून गेले असते. पांढरे चेक स्किल वाढवल्यावर किंवा परिस्थिती बदलल्यावर परत देता येतात, लाल चेक एकदाच. मी दुसऱ्या खेळीत नियमच केला की लाल चेक नंतर रीलोड नाही, जे पडेल ते माझं. पुढे एका ठिकाणी गोळीबार होतो, तिथे एका लाल चेकवर बरंच काही अवलंबून असतं, कोण तुमच्याबरोबर राहतं तेही. फासे फिरत होते तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. काय पडलं ते सांगत नाही.

हे रीलोडचं भावाशी बोलण्यात फार महत्त्वाचं ठरलं. बाल्डर्स गेट थ्री २०२३ चा, जबरदस्त गेम, मी त्याच्यावर टीका करायला बसलेले नाहीये. त्यात मेलेल्यांशी बोलायचा मंत्र आहे, पण ज्याला तुम्हीच मारलंत ते प्रेत तुमच्याशी बोलत नाही, वेष बदलून गेलात तर बोलतं. इतक्या बारकाव्याचा विचार करणाऱ्या लोकांना माझा दंडवत. पण मी तो खेळताना प्रत्येक संवादाआधी सेव्ह करत होते, एक पर्याय बघायचा, नाही आवडला, मागे, दुसरा बघायचा, मागे. शंभर तासांनंतर माझ्याकडे एक गुळगुळीत खेळी होती जिच्यात काहीही चुकलेलं नव्हतं आणि तिच्यात मी कुठे होते ते मला सापडत नव्हतं. यात गेमचा दोष नाही, खूप पर्याय समोर ठेवले की माणूस चाखत बसतो, जेवत नाही. अंडरटेल या २०१५ च्या छोट्या गेमने यावर काय केलं बघा, सगळ्यांना मारून टाकायच्या वाटेने गेलात आणि मग सगळं पुसून नव्याने सुरू केलंत तरी तो लक्षात ठेवतो. मागे जाता येत नाही असं त्याने तोंडावर सांगितलं.

मग सगळेच गेम खरे फाटे का देत नाहीत? हिशोब करा. प्रत्येकी दोन पर्यायांचे दहा निर्णय आणि प्रत्येक निर्णयाने गोष्ट कायमची वेगळी झाली, तर १,०२४ वाटा होतात, प्रत्येकीचं लिखाण, आवाज, अ‍ॅनिमेशन, टेस्टिंग. कुणालाच परवडणार नाही. म्हणून बहुतेक जण फाटा फोडतात आणि थोडं पुढे जाऊन दोन्ही वाटा परत एका दारात आणतात. यात फसवणूक नाही, जोवर त्या मधल्या वाटेवरून चालल्याची खूण पुढे कुठेतरी राहते. विचर टूने २०११ मध्ये मोठं धाडस केलं, पहिल्या चॅप्टरच्या शेवटी रोश की योर्वेथ, कुणाच्या बाजूने जायचं हे निवडलं की दुसरा अख्खा चॅप्टर वेगळ्या बाजूने, वेगळ्या तळावरून. म्हणजे त्यांनी इतका मोठा तुकडा बनवला जो एकदाच खेळणाऱ्या माणसाला कधी दिसणारच नाही. हे मला आजही थोर वाटतं. उलट एका गेममध्ये, नाव घेत नाही, दोन गावांपैकी कुठलं वाचवायचं यावर मी पाऊण तास घालवला, माझ्या टोळीतल्या सगळ्या सोबत्यांशी बोलले, नोट्स काढल्या, आणि नंतर नेटवर दुसऱ्या वाटेचा व्हिडिओ बघितला तर कटसीन (मधे येणारा सिनेमासारखा प्रसंग) शब्दाशब्दाने तीच, नुसतं गावाचं नाव बदललेलं. मला राग आला तो गोष्ट ठरलेली होती म्हणून नाही. टेनमध्येही ठरलेलीच होती. मला विचारलं कशाला? विचारायचं, विचार करायला लावायचं आणि उत्तर फेकून द्यायचं, ही पाठीत सुरी आहे. मास इफेक्ट थ्रीच्या शेवटावरून २०१२ मध्ये लोक इतके पेटले, इतके की त्याच वर्षी जूनमध्ये वाढवलेला शेवट फुकट द्यावा लागला, त्याच्या मुळाशी मला तरी हेच दिसतं, तीन गेमभर विचारत आलात तर शेवटी उत्तरांचा हिशोब लागावा एवढी अपेक्षा रास्त आहे.

डिस्को एलिसियमने खर्चाचं हे गणित कसं सोडवलं ते बघण्यासारखं आहे. जग केवढं, तर एक चौक, एक वसतिगृह, बंदराचं फाटक, किनारा, थोड्या इमारती. लांबचा प्रवास नाही. पश्चिमेकडचा किनारासुद्धा पहिले दोन दिवस बंदच असतो, तिसऱ्या दिवशी पाण्याचं फाटक दुरुस्त होतं तेव्हा उघडतो, म्हणजे कणा चक्क सरळ रेषेचा आहे. पण तीच ती माणसं परत परत भेटतात त्यामुळे तुम्ही काल काय बोललात हे आज लक्षात ठेवायला वाव मिळतो. वेळ नुसतं चालताना जात नाही, बोलताना आणि वाचतानाच जातो. छोटी जागा आणि चांगली स्मरणशक्ती. मला वाटतं मोठे नकाशे बनवणाऱ्यांनी हे जरा निरखून बघावं.

किमबद्दल वेगळं लिहायलाच हवं. तो तुमच्या प्रत्येक मूर्खपणाला साक्षी असतो. ओरडत नाही, वहीत लिहितो. दिवसाला एकच सिगारेट ओढतो, आणि ती कधी ओढेल ते तोच ठरवतो. इतर गेममध्ये सोबती खूश झाला की कोपऱ्यात पाटी येते आणि आपण ते गुण गोळा करायला लागतो. किमच्या मनातला आकडा तुम्हाला दाखवतच नाहीत. पहिल्या खेळीत मी शहाणपणा पाजळायचे तेव्हा तो हलकेच विषय बदलायचा आणि ते मला गुण कापण्यापेक्षा जास्त लागायचं. दुसऱ्या खेळीत प्रेताची तपासणी आम्ही शेवटपर्यंत एकत्र केली, त्याने फॉर्म भरला, मी वास सहन केला, आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यात जे काही किंचित बदललं ते मी पंधरा तास जपत होते. या माणसाच्या नजरेतून उतरू नये म्हणून मी कितीतरी मजेशीर पर्याय सोडले. चॉइसला किंमत कशाने येते याचं माझ्याकडचं उत्तर किम आहे.

आता जे खटकलं ते. कपडे. प्रत्येक कपड्याला स्किलचे आकडे आहेत, त्यामुळे महत्त्वाचा चेक आला की माणूस पॅंट बदलतो, टोपी बदलतो, चेक देतो, परत बदलतो. ज्या गेमने स्वभावावर एवढा जीव लावला त्याच गेममध्ये विधवेच्या दारात उभं राहून कोट बदलायची सोय कशाला ठेवली मला कळत नाही, मी दुसऱ्या खेळीत ठरवून सकाळी एकदा कपडे घातले की दिवसभर तेच ठेवले आणि खेळ लगेच सुधारला. दुसरं, पहिल्या दिवशी माहितीचा नुसता भडिमार होतो, देशांची नावं, क्रांत्या, पक्ष, आणि इंग्रजीही जड आहे, मलाही अधूनमधून थांबून शब्द बघावे लागले. घाबरू नका, सगळं लक्षात ठेवायची गरज नसते, तुमच्या डिटेक्टिव्हलाही काही आठवत नाहीये. तिसरं, काही लाल चेक इतके अवघड ठिकाणी ठेवलेत की सावधपणे खेळणाऱ्याचाही फाशापुढे इलाज नसतो. हे मला आवडतं, पण ज्यांना आपल्या मेहनतीचं फळ हातात हवं त्यांचं डोकं फिरेल हे मान्य आहे.

कुणी घ्यावा? वाचायला आवडत असेल तर डोळे मिटून घ्या. लढाईची हौस असेल तर नका घेऊ, खरंच नका, दहा तासांनी कंटाळून याला नावं ठेवाल. पहिली खेळी मला साधारण तीस तास पुरली, दुसरी थोडी जास्त. गाइड उघडू नका, निदान पहिल्या वेळी. तयार तीन कॅरेक्टर देतात त्यातलं एक घेतलंत तरी चालेल, पण स्वतः आकडे टाकणार असाल तर एक गट मुद्दाम कच्चा ठेवा, कच्च्या बाजूनेच जास्त घडतं. आणि टाय काढायच्या आधी पंखा बंद करा.

भावाला मी काल रात्री शेवट झाल्यावर फोन केला. त्याने डिस्को एलिसियम मागच्या आठवड्यात सुरू केलाय, शरीर पूर्ण वाढवून, बंदराच्या फाटकावर पहारा देणाऱ्या धिप्पाड मेझरहेडला सरळ मुष्टियुद्धात लोळवून आत गेला म्हणे. मी दोन्ही वेळा त्याच्याजवळून मान खाली घालून वळसा मारत गेले होते. "ताई, तू त्याला मारलंच नाहीस?" तो विचारत होता, आणि मी त्याला विचारत होते की त्या विधवेला तू काय सांगितलंस. तो म्हणाला, कुठली विधवा?

तिसरी खेळी आज रात्री सुरू करतेय. शरीर सहा.